जाळीचं तोंड

देवानं सविताला तोंड दिलं ते नुसतं घास घालायला, असं सुनेबद्दल साळूबाईंचं ठाम मत होतं. लग्न होऊन पोरं कॉलेजात गेली, पण ह्या बाईनं सासूला एकदा उलटून उत्तर दिलेलं नाही. मखमलाबादच्या बाया म्हणायच्या, साळूबाई, नशीब काढलंत हो. साळूबाईंच्या कपाळाला आठी पडायची. उलट बोलणाऱ्या सुनेशी माणसाला भांडता तरी येतं. हिला बोललं की ही मान खाली घालणार, नखानं ओट्याची फट कोरत राहणार, आणि बघणाऱ्याला वाटणार म्हातारीच खाष्ट. भांडणात समोरच्याला असं एकटं सोडून द्यायचं, ही कुठली रीत?

आणि आज, रविवारी भर दुपारी, तीच सविता मोरीच्या दारात तशीच मान घालून उभी होती. तिच्या हातात नवऱ्याचं, रंगनाथचं तोंड होतं, म्हणजे शुक्रवारपर्यंत ते तोंड होतं.

पांढऱ्या प्लॅस्टिकच्या जाळीचं, कांद्याच्या गोणीसारखं भोकाभोकांचं. दवाखान्यात त्याच्या चेहऱ्यावर दाबून बनवलेलं, नाक, हनुवटी, कपाळ सगळं त्याच्या मापाचं. सोमवारी सकाळी ते तोंडावर बसवून त्याच्या जिभेवर, कॅन्सर कापून काढलेल्या जागी शेक सुरू करायचे होते. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे शेकच म्हणतात. शुक्रवारी कपाटावर ठेवलं तेव्हा त्या जाळीला असं नाक होतं की अंधारात बघून माणूस दचकावा. आता नाक नाही, हनुवटी नाही. चौकटीत ताणून बसवलेली नुसती सपाट जाळी, पीठ चाळायला घ्यावी अशी.

"ह्याचं नाक कुठंय?" साळूबाईंनी विचारलं.

सविता नखानं दाराची चौकट कोरायला लागली.

"सविता, मी भिंतीशी बोलत नाय. नाक कुठंय ह्याचं?"

"गेलं, आत्याबाई."

"गेलं? बाजारला गेलं का काय? सोलरच्या पाण्यात घातलंस तू हे?"

सवितानं मान हलवली. होकार होता की नकार, तिचं तिला ठाऊक. साळूबाईंनी होकार धरला आणि तोंडाचा पट्टा सोडला. माहेरपासून सुरुवात केली, चांदवडच्या सगळ्या गोतावळ्याला धुऊन काढलं, मग सविताच्या शिक्षणावर आल्या. "बारावी झालीस ना गं? बारावीत हेच शिकवलं का, मिळंल ते उकळायचं? उद्या मला घाल पाण्यात, माझ्या पण सुरकुत्या जातील!"

बोलत होत्या, पण बोलण्यात नेहमीचा जोर नव्हता. कारण दवाखान्यातून आलेली वस्तू सोलरच्या कढत पाण्यातून काढल्याशिवाय घरात घ्यायची नाही, हा नियम सविताचा नव्हता. साळूबाईंचा होता. कपडे, डबा, पाण्याची बाटली, सगळं. उन्हाळ्यातलं गच्चीवरच्या सोलरचं पाणी म्हणजे हात भाजेल असं. आणि ह्या एका वस्तूला पाणी लावायचं नाही, हे शुक्रवारी सविताला सांगितलं होतं का? साळूबाईंनी आठवून पाहिलं. 'कपाटावर ठेव' एवढं म्हटलेलं आठवत होतं. कशाला, का, हे सुनेला सांगत बसायची त्यांना सवय नव्हती.

ओसरीवर बाजेवर रंगनाथ बसला होता. त्याचीच वस्तू, त्याचंच तोंड. पण पंचेचाळीस वर्षांचा तो बाप्या द्राक्षाच्या मांडवाकडे बघत बसला, जसं काही भांडण शेजारच्या घरात चाललंय.

*

शुक्रवारी ती जाळी बनवली तेव्हा सविता खालच्या मजल्यावर औषधांच्या रांगेत होती. वर रंगनाथजवळ साळूबाईच होत्या. खोलीत संजना नावाची पोरगी होती, निळ्या कपड्यातली, चटपटीत. तिनं सपाट जाळी गरम पाण्याच्या टबात सोडली. बघता बघता पांढरी जाळी शिजलेल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसायला लागली. मग तिनं ती बाहेर काढून टिपली आणि टेबलावर झोपलेल्या रंगनाथच्या तोंडावर ओढून चौकट खटक्यांनी टेबलाला पक्की केली. बोटांनी नाक दाबलं, हनुवटी दाबली. रंगनाथनं डाव्या हातानं टेबलाची कड धरली होती. त्या हाताचं तर्जनीचं बोट अर्धंच होतं, तरुणपणी कडब्याच्या कुट्टी मशीननं नेलेलं. त्या अर्ध्या बोटासकट सगळी बोटं पांढरी पडली होती.

साळूबाईंना गप्प बसवत नाही. त्यातून लेकाला असं टेबलाला ठोकलेलं बघून जीव घाबरा झालेला, आणि घाबरलं की त्या जास्तच प्रश्न विचारतात.

"प्लॅस्टिक ना हे? मग पाण्यात वितळलं कसं नाय?"

"साधं असतं तर सैल पडून कसंही ओघळलं असतं आजी. ह्याला कारखान्यातच किरणांचा मारा दिलेला असतो."

"ह्याला पण शेक दिला?"

"तसंच म्हणा. प्लॅस्टिकच्या आत लांब लांब धागे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. किरणांनी ते जागोजागी एकमेकांना बांधले जातात. मग तापवलं की मऊ पडतं, ताणलं तर ताणतं, पण बांधलेलं सुटत नाही. गार झालं की आहे त्या आकारात घट्ट बसतं. परत तापवलं की त्या गाठी ओढून त्याला पहिल्या जागी आणतात. पहिल्यांदा सपाट होतं ना, म्हणून पुन्हा सपाट."

साळूबाई शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या, पण बाजा विणण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. "म्हंजी बाज," त्या म्हणाल्या. "नुसत्या उभ्या सुतळ्या ओढल्या तर माणूस भुईवर. आडव्या घालून एकमेकीत अडकवल्या की बसलं तर झोळ पडतो आन उठलं की वर येती."

संजना हसली. "अगदी तसंच. फक्त ही बाज गार असली तर माणूस उठला तरी झोळ तसाच राहतो. गरम पाणी लागलं की मगच वर येते. म्हणून घरी नेल्यावर जपा. ऊन नको, गरम पाणी तर अजिबात नको."

"आन ती किरणं आत साठून राहत नाय ना? लेकराच्या तोंडाला लावायचंय."

"दिवा विझवल्यावर भिंतीत उजेड राहतो का आजी?"

उत्तर साळूबाईंना पटलं. खटके काढले तेव्हा रंगनाथ उठून बसला, घामानं निथळत होता. एरवी अशी जाळी तिथंच ठेवतात, पण शेक द्यायचे ते दुसऱ्या इमारतीत आणि मधे सुट्टी, म्हणून संजनानं ती कापडात गुंडाळून हातात दिली. डॉक्टर दारातच भेटले. ते सरळ बोलणारे होते. म्हणाले, ऑपरेशन होऊन पाच आठवडे झालेत, सहाच्या आत शेक सुरू झालाच पाहिजे, नाहीतर कापून काढलेलं परत उगवायला वेळ लागत नाही.

हे साळूबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांचा पाठचा भाऊ चिमाजी, विंचूरचा. त्यालाही तंबाखूनं हेच झालं. ऑपरेशन झालं आणि नेमकी द्राक्षं उतरायला आली. 'माल जाऊ दे, मग घेतो शेक,' म्हणाला. माल गेला, पण तोवर गळ्याला लिंबाएवढी गाठ आली होती. त्या सालच्या बागेचे मणी फार गोड होते, असं तेराव्याला आलेले लोक म्हणत होते. साळूबाईंनी तेव्हापासून द्राक्ष तोंडात घातलेलं नाही.

*

रविवार सगळा फोन लावण्यात गेला. दवाखान्याचा फोन वाजत राहायचा आणि बंद व्हायचा. साळूबाईंनी जाळी देवघरासमोर ठेवली, मग तिथून उचलली, मग पंख्याखाली ठेवली, जसं काही वाळून तिला नाक फुटणार होतं. एकदा तर रंगनाथला आडवं पाडून ती त्याच्या तोंडावर दाबूनही पाहिली. जाळी गार, लाकडासारखी कडक.

"बाई, राहू दे," रंगनाथ आईला म्हणाला. ऑपरेशननंतर त्याचे शब्द तोंडात भाकर असल्यासारखे यायचे. "नशिबातच नसंल."

"नशिबाला मधे घालू नको. तुझ्या बायकोच्या हातचं काम हाय हे."

सविता चुलीपाशी खिमटी ढवळत होती. तिची पाठ हलली नाही. रंगनाथ मात्र पानावरून उठला आणि जेवला नाही. साळूबाईंना वाटलं, बायकोला बोललेलं लागलं.

सोमवारी सकाळी रिक्षात बसायच्या वेळेला तो उंबऱ्यात अडून राहिला. मग सविता पिशवी घेऊन बाहेर आली, त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो मुकाट्यानं जाऊन रिक्षात बसला.

*

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या साळूबाईंनी मांडीवरची जाळी कापडातून काढली. संजनाला काय सांगायचं ते ठरलेलं होतं: सुनेनं केलं, अडाणीपणा झाला, काय ते बघ. बोलायची उजळणी करत त्या जाळीच्या कडेवरून हात फिरवत होत्या. कडेला भोकं नव्हती, बोटभर सलग पट्टी होती. त्या पट्टीत बोटांना खड्डे लागले.

त्यांनी जाळी उजेडात धरली. मऊ असताना कुणीतरी कडेला धरून पाण्यातून उचलली होती, आणि गार होताना बोटं तशीच उमटून राहिली होती. रुंद बोटं. सविताचा हात म्हणजे चिमणीचा पाय. हे खड्डे पुरुषाचे होते. पाठीमागून अंगठा. पुढून एक, दोन, तीन बोटं कडेवरून खालपर्यंत उतरलेली. आणि अंगठ्याजवळचं चौथं कडेवरच संपलेलं.

साळूबाईंचा अंगठा त्या अर्ध्या खड्ड्यावर थांबला.

गरम पाण्यानं काय होतं हे त्या दिवशी खोलीत तिघांनीच ऐकलं होतं. एक संजना, एक त्या स्वतः. आणि तिसरा तोंडावर जाळी बांधलेला, ज्याला काही ऐकू येत असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"रंगा, हात दाखव."

"कशाला?"

"डावा."

रंगनाथनं हात मांडीखाली दाबला. नंतर काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं आपणहून तो काढला आणि जाळीच्या कडेवर ठेवला. बोटं खड्ड्यात जाऊन बसली, अर्धं बोट अर्ध्या खड्ड्यात.

"मला नाय जमायचं बाई," तो म्हणाला. "एकदा ठोकलं की मान हलत नाय. गिळता येत नाय. कोण आलं, कोण गेलं, कळत नाय. असं वाटतं की हे लोक विसरून घरी गेले तर? रोज, दीड महिना. त्यापरास कापलेलं परत उगवू दे."

साळूबाईंच्या तोंडाशी किती तरी आलं. चिमाजी आला, लेकाच्या लहानपणापासूनचे सगळे नखरे आले. पण पहिलं बाहेर पडलं ते सुनेकडे वळून. "तुला ठाऊक होतं?"

"हो," सविता म्हणाली. "मोरीतून बाहेर पडताना पाहिलं मी त्यांना."

"आन काल दिवसभर माझ्या शिव्या खात उभी राहिलीस? चांदवडपर्यंत पोचले मी!"

सवितानं मान वर केली. "त्यांचं नाव घेतलं असतं तर तुम्ही त्यांना धरून चौकात उभं केलं असतं आत्याबाई. मग ते आज आले नसते. कुठं निघून गेले असते, आणि आपण हुडकत बसलो असतो. माझ्यावर गेलं म्हणून त्यांना लाज वाटली. त्या लाजेनं रिक्षात बसले. मला तेवढंच पायजे होतं."

एवढं मोठं बोलणं त्या बाईच्या तोंडून घरानं कधी ऐकलं नव्हतं. साळूबाईंनी जाळी परत कापडात गुंडाळली; 'सुनेनं केलं' हे आता संजनाला सांगता येणार नव्हतं. 

*

संजनानं जाळी बघितली आणि कपाळाला हात लावला. ती आत जाऊन डॉक्टरांना विचारून आली. आज नव्यानं साचा, नव्यानं स्कॅन, त्यावरून सगळा हिशेब परत मांडायचा. शेक गुरुवारी सुरू होतील.

"गुरुवारच्या पुढं गेलं तर?" सवितानं विचारलं.

"जाऊ देऊ नका," संजना म्हणाली. तिचा आवाज हसरा नव्हता. "सहा आठवडे भरतात. शीट हीच चालेल, तेवढी सोय आहे. पण पेशंट झोपायला तयार पाहिजे."

पेशंट दाराबाहेर बाकाला चिकटून बसला होता. सवितानं हाक मारली, संजनानं समजावलं, गोळी देऊ म्हणाली. तो नुसता मान हलवत होता. साळूबाईंना दिसलं की हा आता उठणार आणि जिन्याकडे जाणार. चिमाजीही असाच उठला होता, निफाडच्या दवाखान्यातून, बागेकडे.

"पोरी," त्या संजनाला म्हणाल्या, "ह्या जाळीला माझं तोंड लावलं तर ती माझ्या तोंडाची होईल?"

"होईल, पण..."

"आन परत पाण्यात टाकली की मला विसरंल?"

"विसरेल."

"मग आधी माझ्यावर कर. ह्याला दारात उभा कर, बघू दे."

"आजी, असं नाही करत आम्ही."

"तुम्ही जाळी पण घरी देत नाय एरवी. दिलीत. आता हे पण करा."

संजनानं सविताकडे बघितलं. सविता म्हणाली, "करा ताई. त्या ऐकायच्या नाहीत."

साळूबाईंनी नथ काढून सुनेच्या हातात दिली आणि नऊवारी सावरत त्या टेबलावर चढल्या. टेबल गार होतं. छतावर दिवा होता. मग दिवा गेला आणि तोंडावर कढत, ओली, साय पसरल्यासारखी जाळी आली. खटके वाजले, कानाच्या दोन्ही बाजूंना. संजनाची बोटं नाकावरून फिरली. सुरुवातीला बरं वाटलं, शेकल्यासारखं. मग ती साय आवळायला लागली. कपाळ धरलं, गाल धरले, जबडा धरला. साळूबाईंनी मान हलवायचा प्रयत्न केला आणि मान त्यांची राहिली नव्हती. भोकांतून हवा येत होती, तरी छातीला ते पटेना. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की त्यांना बोलायचं होतं आणि जबडा उघडत नव्हता. 'हे लोक विसरून घरी गेले तर?' लेकाचंच वाक्य डोक्यात आलं.

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या पायाचा अंगठा धरला. घट्ट, सोडला नाही. साळूबाईंनी सगळा जीव त्या अंगठ्यात नेऊन ठेवला आणि गार होईपर्यंत तिथंच राहिल्या.

खटके सुटले. त्या उठून बसल्या तेव्हा दोन्ही गालांवर जाळी उमटली होती. पायाशी सविता होती. दारात रंगनाथ.

"कसं हाय बाई?" त्यानं विचारलं.

खोटं सांगायचं ठरवूनच त्या टेबलावर चढल्या होत्या. 'काय नाय रे, फुलासारखं हाय.' पण गालावर वळ घेऊन ते जिभेवर येईना. "लय वंगाळ हाय," त्या म्हणाल्या. "तू म्हणत होतास त्याच्यापरास वंगाळ. पण श्वास पुरतो. आन पाय मोकळा राहतो. पायाला कुणी धरलं की कळतं, लोक गेलेले नाय."

संजनानं जाळी उचलून दाखवली. साळूबाईंचं तोंड, मोठ्या नाकाचं, ओठ मिटलेलं. रंगनाथ बघत राहिला आणि त्याच्या घशातून घोगरा आवाज आला. हसला असावा. "बाईचं तोंड बंद," तो म्हणाला.

"बघून घे. परत दिसायचं नाय," साळूबाई म्हणाल्या.

जाळी पाण्यात गेली. ते नाक आधी आरपार झालं, मग बसलं, मग हनुवटी बसली, आणि पाण्यावर कुणाचीच नसलेली सपाट जाळी तरंगायला लागली. रंगनाथ तिच्याकडे बघत टेबलापर्यंत आला. तिथं थांबला.   साळूबाईंनी दातांत जीभ धरून ठेवली, आणि ते जाळीपेक्षा अवघड होतं. शेवटी तो झोपला. अंगठा धरायला दोघी एकदमच पुढे झाल्या. एक पाय सवितानं घेतला, एक साळूबाईंनी.

मग स्कॅनच्या वेळी दोघींना बाहेर काढलं. दार जड होतं, आवाज न करता लागलं. वर लाल दिवा पेटला. आत त्याचे पाय धरायला आता कुणी नव्हतं, आणि गुरुवारपासून रोज असंच असणार होतं. साळूबाईंचे डोळे दिव्यावरून हलेनात. मधेच दार उघडून तो उठून आला तर? गुरुवारी उंबऱ्यातच अडला तर? सविता शेजारी उभी होती, मुठीत नथ घेऊन, तिचीही नजर वरच. पापणी लवत नव्हती.

दिवा विझला. संजनानं डोकावून सांगितलं, "झालं. छान राहिले. ही जाळी मात्र आता इथंच ठेवणार आम्ही."

सवितानं नथ पुढे केली. साळूबाईंनी ती घेतली, घातली, नीट बसली का चाचपून पाहिलं आणि सुनेकडे वळल्या.

"इतकी वरसं मी तुला मुकी समजत होते. मुकी नायस तू, लबाड हायस. पक्की. आता एक ऐक. गुरुवारी तो पुन्हा अडंल, त्याच्या पुढच्या सोमवारी अडंल. लबाडी कर, खुशाल कर. पण हितून पुढं माझ्या पाठीमागं करायची नाय, मला संगं घेऊन करायची."

सवितानं मान खाली घातली नाही.